मिरचीच्या पोत्यातली पाल

धर्माबादला आमची मिरचीची आडत होती. बायका देठ खुडायला बसल्या की नवखा माणूस ठसकत बाहेर पळायचा. त्याच खोलीच्या भिंतीवर पाली मात्र निवांत असत. पालीला उघडझाप करणारी पापणी नसते. डोळ्यावर धूळ बसली की ती जीभ काढून डोळाच चाटून घेते. दहावीच्या सुट्टीत हे मी पोत्यांवर बसून कितीदा पाहिलं असेल!

एकदा एक पाल खांद्यावर पडली. आई आंघोळीचं पाणी तापवायला धावली, तेवढ्यात शेजारच्या तेलुगू काकूंनी माझा हात धरला. "थांब रे. मी कंचीच्या बल्लीला हात लावून आलेय. मला शिवलास, दोष गेला." कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात सोन्या-चांदीच्या पाली आहेत, त्यांचा हा महिमा. सीमेवरच्या गावात राहिल्यानं माझी आंघोळ वाचली.

त्याच दिवसांत एका पोत्याच्या शिवणीत दोन अंडी दिसली. पांढरी, टणक, वाटाण्याहून जराशी मोठी. हमालानं तसंच पोतं गाडीत टाकलं. पुढे वाचलं, की ही चुकचुकणारी पाल मूळची आपल्याकडची आणि आग्नेय आशियातली; मालाच्या जहाजांतून ती ऑस्ट्रेलिया, हवाई, मेक्सिकोपर्यंत पसरली. अंड्याचं कवच कडक, लवकर सुकत नाही. शिवाय मादी नराचं बीज कित्येक महिने पोटात राखते, म्हणजे नव्या मुलखात एकटी पोचली तरी पुरे. आमचं पोतं फार तर हैदराबादला गेलं असेल.

दुसरी पाल मामानं दाखवली, गावाबाहेर शेताच्या बांधावर. रात्री बॅटरी घेऊन वारुळाशी गेलो. बोटभर लांबीची, तपकिरी, पाठीवर पांढऱ्या काठाचे गडद पट्टे. वाळवी टिपत होती. १८०२ साली दोदँ या फ्रेंच अभ्यासकानं हिची नोंद केली. हिला वारूळ, दगड, मातीतली भेग लागते; दिव्याखालचे किडे हिला बोलावत नाहीत. शेत आडतीपासून हाकेच्या अंतरावर, पण ही कधी आमच्या भिंतीवर दिसली नाही.

यंदा मे महिन्यात गेलो, तर बांध सपाट. मशीन लावून रान एक केलेलं.

"वारूळ?" मामा म्हणाला, "बांध मोडला तवाच गेलं की."

"आणि ती पाल?"

"ती काय, घरात ये म्हणलं तर येती का?"