बंद म्हणजे किती बंद

माझ्या वयाच्या बहुतेक सॉफ्टवेअरवाल्यांनी सर्व्हर कधी उघडून पाहिलेला नसतो. आम्ही दिवसभर त्याच्याबद्दल बोलतो, तो पडला, तो उठला असं म्हणतो, पण तो कुठेतरी लांब असतो. ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ मध्ये सुरू झालं तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. नोकरीला लागेपर्यंत सर्व्हर म्हणजे ब्राउझरमधली एक ओळ झाली होती. त्याचा पॉवर सप्लाय जळला तर तो बदलणारा माणूस मला माहीत नसतो आणि त्याला मी माहीत नसतो.

म्हणून गेल्या जुलैच्या शेवटी मामाचा फोन आला, “संस्थेचा सर्व्हर गेलाय, तू त्यातलाच ना?” तेव्हा ‘हो’ म्हणताना मला जरा थांबावं लागलं.

मामा चौकला राहतो. भाईंदर पश्चिमेहून पालिकेच्या बसनं डोंगरी, उत्तनच्या बाजूला जात राहिलं की धारावी बेटाच्या टोकाला हे गाव लागतं. (ती दुसरी धारावी नव्हे.) इथे वसईची खाडी समुद्राला मिळते, पलीकडे वसईचा किल्ला दिसतो आणि अलीकडे चिमाजी अप्पांचा पुतळा आहे. गाव मासेमारीवर चालतं. १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्यावर असतात, १ ऑगस्टला निघतात. त्याआधी डिझेल भरायचं असतं, आणि डिझेलवरच्या कराचा परतावा संस्थेमार्फत मिळतो. कुठल्या बोटीनं किती डिझेल उचललं, कुणाचं किती येणं आहे, हा सगळा हिशेब त्या बंद पडलेल्या डब्यात होता. शेवटची कॉपी एका पेन ड्राइव्हमध्ये, मार्चमधली.

सर्व्हर म्हणजे कुणीतरी जुळवून दिलेला टॉवर. सर्व्हरचा बोर्ड, आणि २ टीबीच्या दोन डिस्क, एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उमटेल अशा. एक गेली तरी दुसरी आहे, म्हणून सगळे निर्धास्त. बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं तर आत धुळीचा ओलसर थर होता. खारा वारा मीठ आणतो आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात ते याचसाठी. पॉवर सप्लायमध्ये कुणी टाकत नाही.

रात्री लाईट गेली होती. परत आली तेव्हा ‘फट्’ असा आवाज झाला, असं सचिवकाकांनी सांगितलं. लाईट जाते तेव्हा आपण वैतागतो, पण यंत्रांची परीक्षा ती परत येते तेव्हा असते. २७ मे २०१७ ला ब्रिटिश एअरवेजची विमानं जमिनीवर राहिली आणि सुमारे ७५ हजार प्रवासी अडकले. कंपनीनं दिलेलं कारण असं, की डेटा सेंटरची वीज तुटली आणि मग ती नीट क्रमानं न येता एकदम परत आली. त्या धक्क्यात यंत्रं खराब झाली. चौकच्या त्या खोलीतला धक्का अर्थातच छोटा होता.

भाईंदरच्या एका दुरुस्तीवाल्यानं फोनवर सल्ला देऊन ठेवला होता, “त्याच कंपनीचा नवा डबा घ्या, वायरी राहू द्या, फक्त मागे खोचा.” दिसायला ते खरंच तसंच होतं. हा पॉवर सप्लाय मॉड्युलर होता, म्हणजे त्याच्या वायरी डब्यातून सुटून निघतात. कुणीतरी त्या मन लावून टाय मारून बसवल्या होत्या. लॅमिंग्टन रोडवरून मी जो नवा आणला, त्यात त्यांची टोकं बसतही होती.

तिथेच खरी भीती होती. बोर्डाकडचं आणि डिस्ककडचं टोक सगळ्या कंपन्यांत सारखं असतं. डब्याकडच्या टोकाला असा काहीच नियम नाही. कुठल्या पिनेत १२ व्होल्ट आणि कुठल्या पिनेत ५, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, कधीकधी एकाच कंपनीची दोन मॉडेलंसुद्धा वेगळी निघतात. टोक बसतं, स्क्रू लागतो, बटण दाबलं की डिस्कला पाचाच्या जागी बारा व्होल्ट जातात. आणि त्या दोन्ही डिस्क एकाच वायरीवर लटकलेल्या होत्या. एकीचा आधार दुसरीला, पण दोघींच्या गळ्यात एकच दोरी.

मी आधी एक डिस्क काढली, अँटिस्टॅटिक पिशवीत घातली आणि सचिवकाकांना कपाटात ठेवायला दिली. काही झालं तरी ती बाहेर राहणार होती.

मग बंद करणं. स्विच बंद केला म्हणजे बंद, असं वाटतं. पण सॉकेटमध्ये वायर असेपर्यंत डबा चालू असेल तर ५ व्होल्टची एक लाईन बोर्डात जागी असते. बंद कॉम्प्युटर बटण दाबल्यावर उठतो तो तिच्याच जिवावर. म्हणून वायर भिंतीतून उपटायची, मग समोरचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं, म्हणजे बोर्डात उरलंसुरलं निघून जातं. मामा बघत होता. म्हणाला, “आम्ही पण इंजिनाला हात लावायच्या आधी बॅटरीची मायनस काढतो.” मग जुना डबा उलटसुलट करत, “आतला पंखा चांगला आहे रे, खोलू का?”

नाही म्हटलं, जरा जोरातच. भिंतीतले २३० व्होल्ट आत चढवून साधारण ३८० ते ४०० व्होल्ट डीसी करतात आणि एका जाड कपॅसिटरमध्ये साठवतात. वायर काढल्यावरही ते तिथे राहू शकतात, आणि मेलेल्या डब्यात ते उतरलेत की नाही हे बाहेरून कळत नाही. बोटीच्या बॅटरीला मायनस असते. इथे तशी काढायची काही सोयच नाही.

सगळे टाय कापून जुन्या वायरी बाहेर काढायला पाऊण तास गेला. नवा डबा जोडण्याआधी सॉकेट तपासलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३४ व्होल्ट, ठीक. फेज आणि अर्थिंगमध्ये १४०. म्हणजे तिसऱ्या पिनेची वायर जमिनीपर्यंत नीट पोचतच नव्हती. मी विचारलं, “काका, डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात का?”

“त्या पहिल्यापासून येतात. पावसाळ्यात जरा जास्त.”

आता बोटी निघायला तीन दिवस होते आणि खोलीत चार माणसं ‘एकदा लावून तर बघ’ म्हणत होती. मी लावलं नाही. मामानं तोंड वाकडं केलं, दोन फोन केले. दुसऱ्या दिवशी दुपारी इलेक्ट्रिशियन आला. खड्ड्यातली पट्टी गंजून तुटली होती. ती बदलल्यावर मीटरवर २३३ दिसले.

मग डिस्क न जोडता नव्या डब्यावर बोर्ड सुरू केला. डिस्ककडच्या चार पिनांच्या टोकाला मीटर लावला: एका कडेला १२.१, दुसऱ्या कडेला ५.०४, मधल्या दोन ग्राउंड. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, हे त्याच्या आतच होतं. बंद, वायर बाहेर, एक डिस्क जोडली, पुन्हा सुरू. हिशेब उघडला. सचिवकाकांनी आधी स्वतःच्या भावाची बोट शोधली, मग मामाची.

सगळ्याची कॉपी एका बाहेरच्या डिस्कवर उतरवल्यावरच कपाटातली दुसरी डिस्क आत गेली. तिच्यावर सगळं पुन्हा उमटायला चार तास लागणार होते. मामा टक्के वर सरकताना थोडा वेळ बघत बसला, मग बर्फ भरायची वेळ झाली म्हणून उठला.