उजवीकडून उघडणारं पुस्तक

देवगाव फाट्यावर सेलूची एस.टी. येईपर्यंत चहा पिणं आणि गप्पा मारणं एवढंच काम असतं. गेल्या उन्हाळ्यात पुण्यात शिकणारा माझा भाचा सोबत होता. त्यानं पिशवीतून तीन-चार पुस्तकं काढून बाकावर ठेवली. "मामू, ये मांगा है. जपानी कॉमिक्स, अंग्रेजी में." मी एक उचललं आणि सवयीनं उजवीकडून उघडलं. तो हसला. "आपको बताना नहीं पडा! मेरे दोस्तां पीछेसेच शुरू करते."

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. पानावर उजवीकडची चौकट आधी, डावीकडची नंतर. इंग्रजीत आणताना प्रकाशक पूर्वी चित्रं आरशातल्यासारखी फिरवून छापत. मग उजव्या हातात तलवार धरणारा सामुराई डावखुरा व्हायचा. २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या टोकियोपॉपनं मूळ दिशेतच छापायला सुरुवात केली आणि हळूहळू तीच रीत पडली. आता डावीकडून उघडलं, तर अनेक पुस्तकांत सूचनाच भेटते की, थांबा, हा शेवट आहे.

गंमत म्हणजे चौकटी उजवीकडून, पण फुग्यांतलं इंग्रजी डावीकडून. एकाच पानावर दोन्ही दिशा. दिवसभर उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला त्यात नवल वाटलं नाही. पण मला एक मुलगी आठवली.

सातवीपर्यंत आमच्याकडे उर्दू शिकून ती आठवीला मराठी शाळेत गेली. पहिल्याच दिवशी तिनं वही उजवीकडून उघडली आणि वर्ग हसला. 'उलटी' हे नाव पडलं ते पडलंच. दिवाळीनंतर ती शाळा सोडायची म्हणू लागली. मी वडिलांना समजावलं, तिला मराठीची शिकवणी दिली. ती टिकली. पण त्या हसण्याचं काय करायचं, हे बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

भाच्याच्या पुस्तकांत सगळ्या तऱ्हा होत्या. 'स्लॅम डंक' म्हणजे बास्केटबॉल. 'सातोको अँड नादा'मध्ये अमेरिकेत एका घरात राहणाऱ्या दोन विद्यार्थिनी, एक जपानी आणि एक सौदी. नकाब घालणारी नादा खूप हसवते. मुसलमान मुलगी कथेत आली की ती पीडित तरी असते नाही तर कोडं तरी. इथं ती नुसती मैत्रीण आहे. आणि योशितोकी ओइमाचं 'अ सायलेंट व्हॉइस'. त्यात ऐकू न येणारी शोको नव्या शाळेत येते आणि शोया नावाचा मुलगा तिचा छळ करतो.

मी पुस्तकं ठेवून घेतली आणि त्या मुलीला दिली. इंग्रजी बेताचं, पण चित्रं बरंच सांगतात. उरलेल्या शब्दांसाठी ती डिक्शनरी घेऊन बसली.

जुलैमध्ये ती पुस्तकं परत करायला आली. वर्गात नेली होती म्हणे. मुलं मागून वाचत होती, कुणाला काही कळेना. "मग मीच सांगितलं सर, इकडून उघडायचं." हे सांगताना तिची मान ताठ होती.

मी विचारलं, कोणतं आवडलं? तिनं 'सायलेंट व्हॉइस'वर हात ठेवला. "तो मुलगा तिला छळतो. पण पुढं तिच्याशी बोलता यावं म्हणून हातांची भाषा शिकतो." जरा थांबून म्हणाली, "सर, आम्ही मराठी शिकलो. आमची भाषा कुणी शिकतं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वीसेक वर्षं मी उर्दूच्या मुलांना मराठीकडे नेतोय. ते करायलाच हवं, या मातीत राहायचं तर ही भाषा आपलीच आहे. पण रस्ता एकाच बाजूनं वाहतोय, हे मी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. ते तिनं म्हटलं.

जाता जाता तिनं वही दाखवली. वर्गातल्या एका मैत्रिणीनं आपलं नाव उर्दूत लिहून मागितलं होतं आणि त्याखाली स्वतः पाच वेळा गिरवलं होतं. अक्षर वाकडं होतं. पण सुरुवात उजवीकडून केली होती.