गोल मैदान

ठाकुरवाडी, ता. कर्जत
आषाढ, लावणीचे दिवस

ती. सौ. ताईस,


तुझं पत्र मिळालं. भाच्याची लॅक्रॉस या खेळाच्या क्लबात निवड झाली नाही. ज्यांची झाली त्यातली बरीच मुलं उन्हाळी शिबिरं करून, खासगी प्रशिक्षक लावून आलेली. आता तू विचारतेस, आपण पैसा कमी ओतला की पोरात मुळात ते नाहीच? दोन रात्री हाच प्रश्न डोक्यात होता.

इथली एक गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या शाळेत सातवीत एक मुलगी होती. पहाटे आईबरोबर भाजीची पाटी घेऊन माथेरानला चढायची. दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना बंदी, त्यामुळे वर जे जातं त्यातलं काही आजही माणसाच्या डोक्यावरूनच जातं. भाजी विकून झाली की आई सावकाश उतरायची आणि ही अनवाणी धावत शाळेच्या घंटेला हजर. आठशे मीटर उंचीचा डोंगर, ताई. पावसाळ्यातल्या त्या निसरड्या वाटेवर मला काठी लागते.

तालुक्याला ती सहाशे मीटरमध्ये पहिली आली. जिल्ह्याला अलिबागला जायचं म्हणून पहाटे चारला जीप केली. शेजारच्या वाडीतल्या मुलाचे बूट मागून आणले, पुढे कापसाचा बोळा घातला. पहिले दोनशे मीटर ती सगळ्यांच्या पुढे होती. मग वळणावर तिचा पाय अडखळायला लागला, दम संपला, सातवी आली. परतताना मी काही बोललो नाही. तीच म्हणाली, “गुरुजी, तिथं सगळं गोल गोलच होतं.”

ती आयुष्यात गोल मैदानावर धावलीच नव्हती. दम कुठे राखायचा, वळणावर अंग किती झुकवायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही, कारण ते मला सुचलंच नाही. पुढच्या वर्षी वयोगट बदलला, आमची शाळा संपली, आणि घरच्यांनी तिला कामाला लावलं. तिच्या वाट्याला गोल मैदानावरची ती एकच शर्यत आली.

म्हणून तुझ्या प्रश्नातला पैसा मला बूट-हेल्मेटमध्ये दिसत नाही. पैसेवाल्या घरचं पोर हरलं की पुढच्या वर्षी परत उभं राहतं, चुका करत करत शिकतं. आमच्याकडचं पोर हरलं की लोक म्हणतात, नसेल त्याच्यात.

खाशाबा जाधवांचंच बघ. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा, तांबड्या मातीत तयार झालेला पैलवान. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मॅटवरच्या कुस्तीची सवय नव्हती, सहावे आले. त्यांना तिथेच थांबवलं असतं तर आज त्यांचं नाव कुणाला ठाऊक असतं? १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. त्या दुसऱ्या खेपेला कांस्यपदक आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ताकद खाशाबांचीच होती. पण सहाव्या आलेल्या माणसावर कुणी घर गहाण टाकतं, हे मला अजूनही पदकाएवढंच मोठं वाटतं. आणि खाशाबांनी नंतर कुस्त्यांचे फड भरवून ते कर्ज फेडलं.

पॅरिसला २०२४ मध्ये रायफल नेमबाजीत कांस्य मिळवणारा राधानगरीकडचा स्वप्नील कुसाळे शिक्षकाचा मुलगा. त्याच्या गोळ्यांसाठी वडिलांनी कर्ज काढलं. कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची. आदिवासी पाड्यावरची ती मुलगी प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाती लागली आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य घेऊन आली. डोंगरात पळणाऱ्या मुली आमच्याकडेही आहेत. मात्र कविताला कुणीतरी वेळेवर पाहिलं आणि पाहिल्यावर वर्षानुवर्षं सोडलं नाही.

भाच्याला त्याच्या खेळाची गोष्टही सांग. लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा खेळ. होडेनोशोनी लोक, ज्यांना बाहेरचे इरोक्वॉय म्हणत, हिकरीच्या लाकडाची काठी वाकवून तिला जाळी विणतात. त्यांच्या लेखी हा देवाने दिलेला, आजार बरा करणारा खेळ. १८६७ साली माँट्रियलच्या एका दंतवैद्याने त्याचे नियम बांधले. पुढे १८८० मध्ये कॅनडातल्या संघटनेने हौशी खेळाडूंपुरताच खेळ ठेवला आणि ज्यांचा तो मुळात होता त्यांनाच स्पर्धेबाहेर केलं. का, तर ते खेळण्याचे पैसे घेतात. लांबच्या गावी खेळायला जाण्याचा खर्च त्या लोकांनी कुठून करायचा होता? हे वाचलं तेव्हा मला आमची ती पहाटे चारची जीप आठवली. तरीही १९०४ च्या ऑलिंपिकमध्ये मोहॉक खेळाडूंच्या संघाने कांस्य मिळवलं. आता २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये हा खेळ परत येतोय.

तेव्हा भाच्याबद्दल इतकंच विचारतो. कुणी सांगितलं नसताना तो गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारून झेलत बसतो का? डाव्या हातानेही? बसत असेल तर शिबिराला पैसे खुशाल भर, आणि पुढच्या वर्षी पुन्हा निवडीला उभं कर. नसेल बसत, तर दुसरं काय आवडतं ते त्यालाच विचार. तुझ्याकडे दोन्हींसाठी वेळ आहे. त्याचं मला बरं वाटतं, खरंच.

त्या मुलीची धाकटी बहीण यंदा सहावीत आली आहे. तशीच पळते. काल पाऊस तासभर उघडला तेव्हा शाळेमागचा माळ मोजला, टेपचं दुसरं टोक तिनेच धरलं होतं. दोनशे मीटरचा गोल बसत नाही, एकशे साठ भरला. चुना आणून ठेवलाय.

तुझा,
भाऊ