विरार फास्ट, आय-सेव्हन स्लो!

विरारकराला वेगाबद्दल कुणी शिकवायला जाऊ नये. चर्चगेटपासून साठ किलोमीटर लांब राहायचं आणि रोज वेळेवर ऑफिसात कार्ड पंच करायचं, म्हणजे फास्ट-स्लो, बारा डबा-पंधरा डबा हे सगळं आम्हाला तोंडपाठ. इंडिकेटरवर नुसतं 'फास्ट' दिसलं म्हणून आम्ही गाडीत उडी मारत नाही. गाडी कुठून सुटली, कुठे कुठे थांबणार, किती डब्यांची आहे, हे सगळं बघतो आणि मगच हात दांड्याला जातो.

पण हाच चाणाक्ष विरारकर सेकंडहॅण्ड लॅपटॉपच्या दुकानात शिरला की त्याला काय होतं कळत नाही. कीबोर्डच्या खाली 'आय-सेव्हन'चा चकचकीत स्टिकर दिसला की बॉस, खल्लास! पुढचं काही विचारणंच नाही. म्हणून नुकताच एक अख्खा रविवार मी विरारमध्येच सेकंडहॅण्ड लॅपटॉप शोधत पूर्व-पश्चिम पालथं घातलं, त्याची ही गोष्ट.

निमित्त होतं मामेबहिणीचं. मनवेलपाड्याला राहते, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली होती, तीही घरून. म्हणजे विरार लोकलचा त्रास नाही! काम काय, तर एक्सेलच्या लांबलचक शीट्स, रोज व्हिडिओ कॉल आणि ब्राउझरमध्ये डझनभर टॅब उघडे. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा हवा. पुढे नोकरीत घ्यायचं की नाही, ते या तीन महिन्यांवर ठरणार होतं. ऐन कॉलवर मशीन अडकलं, तर समोरच्याला थोडंच कळणार आहे की चूक प्रोसेसरची आहे, पोरीची नाही!

बजेट वीस हजार. मामीची भिशी लागली होती, तेवढेच. "यावर एक रुपया नाही," मामांनी निघतानाच सांगून टाकलं, "आणि तीन वर्षं तरी चालला पाहिजे."

पूर्व : मक्खन चलता है!

रविवारी सकाळी विरार पूर्वेला स्टेशनबाहेर पाय ठेवायला जागा नसते. जीवदानीला निघालेल्यांची गर्दी, नारळ-हारांच्या टोपल्या, रिक्षावाल्यांच्या हाका आणि कढईतून निघणारे गरमागरम वडे. या गर्दीतून वाट काढत आत गल्लीत शिरलात की मोबाइल रिपेअरिंग, झेरॉक्स, पॅनकार्ड असे बोर्ड लागतात. त्यातच मधेमधे दहा बाय दहाची लॅपटॉपची दुकानं. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात. ते जुने लॅपटॉप लॉटमध्ये विकले जातात आणि फिरत फिरत अशा दुकानांत येऊन पोचतात. काळे, जाडजूड, कोपऱ्यात कंपनीच्या ॲसेट नंबरचा अर्धवट खरवडलेला स्टिकर असलेले. दिसायला अगदीच साधे, पण बांधणी सॉलिड!

दुकानदाराने आमच्यासमोर दोन मांडले. एक चंदेरी, नवा वाटावा असा. "दादा, हा घ्या. आय-सेव्हन आहे, आठ जीबी, एसएसडी. मक्खन चलता है. एकोणीस हजार." दुसरा काळा, झाकणावर ओरखडे. "हा आय-फाइव्ह. साडेसतरा."

"कितवी पिढी?" मी विचारलं.

"अरे दादा, आय-सेव्हन म्हणजे आय-सेव्हन. टॉपचा!"

अशा वेळी वाद घालायचा नाही. लॅपटॉप सुरू करायचा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायची. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की प्रोसेसरची अख्खी कुंडली समोर येते. चंदेरी लॅपटॉपची कुंडली निघाली आय७-७५००यू, कोअर दोन. ओरखडेवाल्याची आय५-८२५०यू, कोअर चार.

इथेच सगळा फण्डा आहे. इंटेलच्या या नावात आय५, आय७ हे झालं आडनाव. खरी ओळख पुढच्या आकड्यात असते. चार आकडी नंबरातला पहिला आकडा म्हणजे पिढी. ७५०० सातवी, ८२५० आठवी. नंबर १० किंवा ११ ने सुरू झाला तर दहावी, अकरावी. शेवटचं अक्षरही बघायचं. 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा, बॅटरी जपणारा. 'एच' म्हणजे ताकदीचा, पण गरम होणारा आणि बॅटरी लवकर संपवणारा.

आता गंमत बघा. सातव्या पिढीपर्यंत 'यू' गटातल्या आय७ लाही दोनच कोअर असायचे. २०१७ मध्ये आठवी पिढी आली आणि त्याच गटातल्या आय५ ला इंटेलने चार कोअर दिले. म्हणजे धाकट्या भावाकडे थोरल्याच्या दुप्पट हात!

मामांची शंका

मामा तोवर स्क्रीनवर वाकून आकडे वाचत होते. "अरे, पण हा २.७ गिगाहर्ट्झ आणि तो १.६. मग जास्तीचा कुठला?"

प्रश्न रास्त आहे. आपण सगळे याच आकड्यावर वाढलो. सायबर कॅफेच्या जमान्यात 'पेंटियम फोर, तीन गिगाहर्ट्झ' म्हटलं की पोरांचे डोळे चमकायचे. पण इंटेलनेच २००४ मध्ये चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम फोरचा बेत रद्द केला, कारण वेग वाढवावा तसा चिपचा ताप वाढत होता. मग २००६ मध्ये कोअर टू ड्युओ आला. त्याचा एक प्रोसेसर जेमतेम १.८६ गिगाहर्ट्झचा, तरी तीन गिगाहर्ट्झच्या पेंटियमला भारी पडायचा. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती ठोके. एका ठोक्यात किती काम उरकतं, ते त्या आकड्यात दिसतच नाही.

मामांना मी लोकलच्या भाषेत सांगितलं. कोअर म्हणजे डबे. पंधरा डब्यांची गाडी बारा डब्यांच्या गाडीपेक्षा लवकर पोचत नाही, पण सव्वापट माणसं नेते. तुमचं एकच काम असेल, म्हणजे एकटाच प्रवासी, तर जादा डबे काय कामाचे? पण व्हिडिओ कॉल, एक्सेल, टॅब, अँटिव्हायरस असे सगळे एकदम चढले, तर डबे लागतातच.

आणि तो १.६ चा आकडा? तो बेस स्पीड. त्याच प्रोसेसरवर कंपनी ३.४ सुद्धा लिहिते, तो टर्बो. आपल्या विरार फास्टचंच बघा ना. नावाला फास्ट, पण बोरिवलीपर्यंत नालासोपारा, वसई, नायगाव, भाईंदर असं करत जवळपास प्रत्येक स्टेशनला थांबते, खरी पळते ती बोरिवलीनंतर. टर्बोही तसाच. मोकळा ट्रॅक मिळाला की पळणार, गरम झाला की मंदावणार. स्टिकरवरचा वेग पूर्ण प्रवासाचा नसतो.

तुलना करायची तर बेंचमार्क बघावा. सगळ्या प्रोसेसरना एकच पेपर देऊन काढलेले मार्क. पासमार्क नावाच्या चाचणीत आय७-७५००यू साडेतीन हजारांच्या आसपास आहे, तर आय५-८२५०यू सहा हजारांच्या घरात. पण त्याच चाचणीत एका कोअरचे वेगळे मार्क असतात, ते बघा. तिथे दोघं जवळपास बरोबरीत! म्हणजे नुसतं वर्डमध्ये पत्र टाइप करणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतील. फरक पडेल तो माझ्या बहिणीसारख्या दहा कामं एकदम उघडणाऱ्याला. म्हणून 'बेस्ट प्रोसेसर कुठला' हा प्रश्नच अर्धवट आहे. कुणासाठी आणि कशासाठी, हे आधी ठरवायचं.

पश्चिम : नवा कोरा मोह

तरी घाई नको म्हणून पूल ओलांडून पश्चिमेला गेलो. विरारचा हा तोंडवळा वेगळा. आगाशी रोडने निघालात की एका बाजूला जुनी वाडीची घरं, दुसऱ्या बाजूला बोळींज-ग्लोबल सिटीचे टॉवर. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर एकत्र करून २००९ मध्ये महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेतच इथली वस्ती बारा लाखांवर गेली होती. एवढी माणसं म्हणजे एवढी होम लोन्स, आणि होम लोनवाल्या घरात सेकंडहॅण्डचा विचार आधी होतो. त्यात लाज कसली?

इथल्या एका शोरूममध्ये मामांचा पाय अडखळला. नवा कोरा लॅपटॉप, बॉक्स पॅक, एक वर्षाची वॉरंटी, बावीस हजार. मामा दोन हजार वर काढायलाही तयार दिसायला लागले! प्रोसेसर बघितला तर सेलेरॉन एन४०२०. दोन कोअर, पासमार्कमध्ये साधारण दीड हजार. म्हणजे सकाळच्या ओरखडेवाल्याच्या पाव हिश्श्याएवढा. नव्या बॉक्सचा वास आठवडाभर टिकतो, हँग होणं तीन वर्षं सोसावं लागतं.

पुढच्या दुकानात उलटा मोह. सहाव्या पिढीचा आय५, अकरा हजारांत, वर 'विण्डोज ११ टाकून देतो' अशी ऑफर. इथे थांबून विचार करा. मायक्रोसॉफ्टच्या नियमाप्रमाणे विण्डोज ११ ला इंटेलची, थोडे अपवाद सोडले तर, आठवी पिढी किंवा त्यापुढचीच लागते. विण्डोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणूनच सहावी-सातवी पिढी स्वस्तात मिळते. पळवाटेने विण्डोज ११ चढते, पण पुढचे मोठे अपडेट नीट चढतील याची हमी कुणी देत नाही. लिनक्स वापरणार असाल तर हाच सौदा झक्कास. ऑफिसच्या कामाला मात्र नको.

एएमडीवाल्यांनीही नंबरावर भाळू नये. रायझन ५ ५५००यू आणि ५६००यू शेजारी शेजारी वाटतात, पण पहिल्याच्या आत आधीच्या पिढीची रचना आहे. दोन्ही चांगलेच, फक्त किंमत सारखी मागितली तर ५६००यू उचला.

हो, आणि याच पैशात छोटा डेस्कटॉप घेतला तर जास्त ताकद मिळते. आठव्या पिढीच्या डेस्कटॉपवाल्या आय५-८५०० ला सहा कोअर आहेत. पण मामांचं घर वन आरके. टेबल मांडायला जागा नाही आणि पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. बॅटरी हवीच. डेस्कटॉप बाद.

दहा मिनिटांची परीक्षा

संध्याकाळी परत पूर्वेला, त्याच दहा बाय दहाच्या दुकानात. बहिणीने पेनड्राइव्हवर स्वतःचीच एक्सेलची शीट आणली होती. दोन्ही लॅपटॉपवर ती उघडली, माझ्या फोनशी व्हिडिओ कॉल लावला, वर डझनभर टॅब. चंदेरी आय-सेव्हनचा मीटर शंभर टक्क्यांना जाऊन चिकटला आणि माझा आवाज तुटायला लागला. ओरखडेवाला साठ-सत्तरच्या मध्ये रमतगमत चालत होता. "दादा, यावर तू नीट ऐकू येतोस," बहीण म्हणाली. बेंचमार्क झाला!

पण खरी परीक्षा पुढे. सिनेबेंच हे चाचणीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते दहा मिनिटं चालवलं आणि टास्क मॅनेजरमधला स्पीड बघत बसलो. आधी तीनच्या वर, मग दोन, मग चक्क १.३! बेस स्पीड १.६ असताना त्याच्याही खाली. पूर्ण जोर लावल्यावर वेग थोडा उतरणं नॉर्मल आहे, बेसच्या खाली जाणं नाही. दुकानदाराने मागचं झाकण उघडलं, तर पंख्यात धुळीची अख्खी गादी! त्याने ब्रशने पंखा साफ केला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. पुन्हा दहा मिनिटं चालवला, तर स्पीड २.३ वर स्थिर. विचार करा, साध्या धुळीने एवढा वेग खाल्ला होता, आणि तो कुठल्या स्टिकरवर लिहिलेला नव्हता.

"लॅमिंग्टन रोडला अजून स्वस्त मिळाला असता," शेजारी उभा असलेला एक गिऱ्हाईक म्हणाला. मिळेलही. तिथे व्हरायटी जास्त आणि घासाघीसही रंगते. पण आठ दिवसांत काही बिघडलं, तर बॅगेत लॅपटॉप घालून विरारहून ग्रँट रोडला कोण जाणार? इथे चालत दहा मिनिटांवर दुकान, बिलावर महिन्याभराची टेस्टिंग वॉरंटी लिहून घेतलेली. हजार-पाचशेचा फरक त्यातच वळता झाला.

सौदा सतरा हजारांवर तुटला. उरलेल्या तीन हजारांपैकी काही रॅम वाढवायला ठेवले, काही मामीने परत घेतले. सोमवारी सकाळी बहीण घरातल्या खुर्चीत बसून कामाला लागली. त्याच वेळी मी प्लॅटफॉर्मवर होतो, पंधरा डब्यांची फास्ट शोधत.

दुकानात शिरण्याआधी

- प्रोसेसरचं पूर्ण नाव विचारा. आय५ की आय७ यापेक्षा पिढी आणि शेवटचं अक्षर महत्त्वाचं.
- एकाच मॉडेलमध्ये दोन पिढ्या असू शकतात. थिंकपॅड टी४८० सातव्या पिढीतही आला आणि आठव्यातही. मॉडेलवर जाऊ नका, टास्क मॅनेजर उघडा.
- बेंचमार्कचे दोन्ही मार्क बघा. एका कोअरचे साध्या कामाला, सगळ्यांचे मिळून गर्दीच्या कामाला.
- जुनी हार्ड डिस्क असेल तर भारी प्रोसेसरही वाट बघत बसतो. एसएसडी हवीच.
- चाचणी मूळ वॅटच्या चार्जरवरच घ्या. कमी वॅटचा लावला तर काही लॅपटॉप स्वतःहून वेग कमी करतात.
- तुमची स्वतःची फाइल न्या आणि दहा मिनिटं चालवून बघा. जो दुकानदार दहा मिनिटं द्यायला तयार नाही, त्याला वीस हजार देऊ नका.