रविवारची मागणी

मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांच्या संघाने ती मान्य केली तेव्हा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ही मागणी सहा वर्षे लावून धरली होती.

लोखंडे यांचे घराणे पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे. रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईत कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. कामगारांचे हाल तिथे रोज समोर होते. त्यांकडे पाहायची नजर जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचाराने दिली. १८८० पासून ते मुंबईतून ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चालवू लागले, १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढली.

त्या वर्षी कामगारांनी दिलेल्या निवेदनावर साडेपाच हजार सह्या होत्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन. या मागण्यांतून गिरणीतला दिवस जसाच्या तसा दिसतो. तेव्हा काम सूर्याच्या उजेडावर चाले. उन्हाळ्यात दिवस लांबला की पाळीही लांबे, आणि घामाचा पैसा मात्र कित्येक आठवडे मालकाकडेच राही. यातले काहीही जास्तीचे मागणे नव्हते. दोन घास सुखाने खायला अर्धा तास, एवढेच.

रविवारच्या मागणीसाठी २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. गिरणीत रिळे भरणाऱ्या बायकांचे कष्ट पुरुषांइतकेच होते, पण जाहीर सभेत बाईने उभे राहून बोलणे तेव्हा किती अवघड होते! ती जागा त्यांना मिळाली, हे लोखंड्यांचे फार मोठे काम आहे. विधवांचे केशवपन करू नये म्हणून त्यांनी मुंबईतल्या नाभिकांना संघटित केले, तेही याच सुमाराला.

असोसिएशनला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती. म्हणून काही अभ्यासक तिला कामगार संघटना म्हणायला कचरतात. ही कसोटी अपुरी आहे. वहीत नाव नसलेल्या माणसांनीच रविवार मिळवला.

१८९३च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर लोखंडे यांनी सलोख्यासाठी धडपड केली. पुढे प्लेगच्या साथीत रुग्णांसाठी झटत असताना ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला. महिन्याभरातच पुण्यात सावित्रीबाई फुलेही प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या.