पिसावरचं शिसं

ठाण्याच्या खाडीत शिसं आहे का, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. पूर्वेला ठाणे-बेलापूरचा कारखान्यांचा पट्टा, पश्चिमेला देवनारचा कचऱ्याचा डोंगर आणि मुंबईचं सांडपाणी. मधल्या चिखलात शिसं, कॅडमियम, पारा सापडला नाही, तर मी आधी यंत्र तपासेन. मला इतकी वर्षं छळतोय तो वेगळाच प्रश्न. बगळ्याच्या पिसात सापडलेलं शिसं त्याच्या रक्तातून आलं, की वाऱ्याने आणि चिखलाने वरून आणून बसवलं?

पाऱ्याचं काम त्या मानाने सरळ. पीस वाढत असतं तोवर त्याला रक्त मिळतं, आणि त्या काळात पारा केराटिनमधल्या गंधकाला असा धरून बसतो की पुढे पाणी, ऊन, अॅसिटोन कशानेही हलत नाही. म्हणून तर 1966 साली स्वीडनमधल्या संशोधकांना संग्रहालयांतल्या शंभर वर्षांच्या पिसांतून पाऱ्याचा इतिहास वाचता आला. बियाण्यांना पारायुक्त बुरशीनाशक लावायला लागल्यावर, म्हणजे 1940 नंतर, आकडे कसे चढले ते त्या पिसांनी सांगितलं. जुनी कातडी टिकवायला पाऱ्याचेच क्षार वापरत, त्यामुळे संग्रहालयातल्या पिसांत मिथिल पारा वेगळा मोजावा लागतो. पण ही अडचण ओळखीची आहे आणि तिला उपायही आहे.

शिशाला उपाय नाही. ते पिसात असतं तसं पिसावरही असतं. पीस जितकं जुनं, तितकं वरचं जास्त. म्हणून आपण धुतो. अॅसिटोन, आयनमुक्त पाणी, पुन्हा अॅसिटोन. कुणी साबण घालतं, कुणी अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवतं. कमी धुतलं तर खाडीवरची धूळ मोजून हाती येते. जास्त धुतलं तर आतलं बाहेर येत नाही याची खात्री कोण देणार? शिवाय पक्षी शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीने सगळ्या पिसांवर चोपडतो. त्या तेलातला धातू शरीरातूनच आलेला, पण बसलाय मात्र बाहेरून. तो आतला म्हणायचा की बाहेरचा? 1980च्या दशकात डच संशोधकांनी पिसाचा दांडा आणि पातं वेगळं करून मोजलं, कारण दांड्याला धुळीसाठी जागा कमी. मीही दांडे वेगळे करते. पण छोट्या बगळ्याच्या पिल्लाच्या पिसाचा दांडा केवढा असतो, हे ज्याने चिमट्यात धरलाय त्यालाच कळेल. वजन पुरत नाही, आणि दहा पिल्लांचे दांडे एकत्र केले तर पिल्लांमधला फरक हरवतो.

या धुण्याचा मला गर्व आहे, हे मान्य करते. ब्लँकमध्ये, म्हणजे पीस न घालता चालवलेल्या नमुन्यात, शिसं दिसलं नाही की दिवसभर माझी पावलं हलकी पडतात. दुसऱ्या प्रयोगशाळांतली मुलं फोन करून पद्धत विचारतात तेव्हा मी मुद्दाम सावकाश सांगते, कारण मला ते आवडतं. परिषदेत कुणी "मॅडमची पिसं स्वच्छ असतात" असं म्हटलं की पुढचं भाषण माझ्या कानावर पडत नाही.

म्हणून जे धुणं नीट सांगत नाहीत, त्यांचा मला मनापासून राग येतो. हल्ली एकाच वेळी अनेक मूलद्रव्यं मोजणारं आयसीपी-एमएस यंत्र सगळीकडे पोचलं. पीस आम्लात विरघळवलं, नळी लावली, पंचवीस-तीस मूलद्रव्यांचा तक्ता तयार. किती वेळा धुतलं, कशाने धुतलं, धातूंचं प्रमाण आधीच माहीत असलेली प्रमाणित केसाची पूड सोबत चालवली का, याबद्दल एक ओळ नाही. मग सगळ्या धातूंची बेरीज करून एक "प्रदूषण निर्देशांक" काढायचा. पारा अन्नसाखळीत चढत जातो, शिसं तसं चढत नाही. त्यांची बेरीज करणाऱ्याला पक्ष्याचं काय चाललंय हे कळून घ्यायचं नाही, एवढाच मी अर्थ काढते. शिशासाठी दहा लाखांत चार भाग ही धोक्याची रेषा सगळे डोळे मिटून वापरतात. ती मुख्यतः अमेरिकेत हेरिंग गल या कुरव पक्ष्याच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांतून आली आहे. आपल्या बगळ्याला ती लागू आहे असं धरायचं तर धरा, पण एखादा नमुना न धुता पाच आणि धुऊन तीन येत असेल तर तो रेषेच्या वर की खाली, हे आधी सांगा.

रोहितांवर, म्हणजे फ्लेमिंगोंवर, काम करा, असं मला सारखं सांगितलं जातं. 2015 मध्ये खाडीचं अभयारण्य झालं ते त्यांच्याच नावाने, 2022 मध्ये महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसरचा दर्जा मिळाला, वर्तमानपत्रांना गुलाबी फोटो हवे असतात. छोटा रोहित शैवाल खातो आणि खाताना चिखलाशी त्याचा संबंध सतत येतो, तेव्हा शिशासाठी तो महत्त्वाचा पक्षी आहे यात शंका नाही. पण चिखलात गळून पडलेलं त्याचं पीस कुठे वाढलं? तो इथे वीण करत नाही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने 2022 मध्ये इथल्या काही रोहितांना उपग्रह-टॅग लावले, आणि ते गुजरातकडे गेलेले दिसले. त्याचं पीस भावनगरकडचं सांगतंय की भांडुपचं, हे ओळखता येईपर्यंत मी त्याच्यावर ठाण्याच्या खाडीचं नाव लिहिणार नाही.

म्हणून मी सारंगागारांना, म्हणजे बगळ्यांच्या विणीच्या वसाहतींना, चिकटून राहिले. पिल्लाची पहिली लव आईने अंड्यात घातलेलं सांगते. पण त्यानंतरची पिसं आई-बापांनी आसपासच्या चिखलातून आणलेल्या निवट्या आणि कोळंबीवर वाढतात. ठिकाण माहीत, वय माहीत, अन्न माहीत. वनखात्याची परवानगी घेऊन प्रत्येक पिल्लाची छातीवरची थोडीशी पिसं घ्यायची, पिल्लू जसंच्या तसं घरट्यात. यकृत आणि मूत्रपिंडासाठी पक्षी मारण्याची जुनी पद्धत मला कधीच पटली नाही. जे पीस उपटून कळतं त्यासाठी जीव घेणं मला अधर्म वाटतो. मात्र यासाठी तीच झाडं वर्षानुवर्षं लागतात, आणि संशोधनाला पैसे तीन वर्षांपुरते मिळतात. स्वीडनमध्ये शंभर वर्षांची पिसं कपाटात होती म्हणून काही कळलं. आपण तीन वर्षांची पाकिटं करून ठेवतो, मग पुढचा प्रकल्प दुसऱ्या खाडीवर.

गेल्या विणीच्या हंगामात माझ्याकडे एक मुलगी आली. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, घरची होडी. निवट्या तिच्या घरी दर आठवड्याला शिजतात. बगळा आणि तिचा बाप एकाच चिखलावर पोट भरतात, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. मी तिला धुणं शिकवत होते. पहिलं अॅसिटोन टाकाऊच्या बाटलीत ओतताना ती म्हणाली, "मॅडम, बगळा पिसं धुतो कशानं? चोचीनंच ना? मग आपण हे जे टाकतोय, ते त्याच्या पोटात गेलं असतं."

मला राग आला. तिने चूक काढली म्हणून नव्हे; आतलं आणि बाहेरचं यांच्यामधल्या ज्या रेषेवर मी नाव कमावलं, ती रेषा पक्ष्याला माहीतच नाही, हे तिने एका वाक्यात सांगितलं म्हणून. पक्षी दिवसातला बराच वेळ पिसं साफ करण्यात घालवतो. तिसऱ्या आठवड्यातलं पिल्लूही चोच चालवायला लागलेलं असतं. वरची धूळ ही माझ्या मोजमापातली घाण असेल, त्याच्यासाठी ती खुराक आहे.

आता धुवण ठेवतो आम्ही. प्रत्येक धुण्याचं वेगळं, कोरडं करून, नायट्रिकमध्ये घेऊन चालवतो. त्याने सगळं अवघड झालं. अॅसिटोनमध्येच शिशाचे लेश असतात, तेव्हा आधी ते शुद्ध करून घ्या. ज्या ब्लँकचा मला अभिमान, तेच आता पुन्हा बसवावे लागतायत, आणि ते अजून मला हवे तितके खाली आलेले नाहीत. शिवाय पिल्लू त्यातलं किती गिळतं आणि गिळलेल्यातलं किती आतड्यात शोषलं जातं, याला धुवणाचा आकडा उत्तर देत नाही. मी हे तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी समस्थानिकांची गोष्ट काढली.

शिशाच्या 206 आणि 207 या समस्थानिकांचं गुणोत्तर खनिज कुठल्या खाणीतलं त्याप्रमाणे बदलतं. आपल्याकडे पेट्रोलमधलं शिसं 2000 साली बंद झालं, पण रस्त्याकडेच्या मातीत आणि खाडीच्या गाळात बसलेलं कुठे जाणार? बॅटरीच्या भंगारातलं, जुन्या रंगातलं, पेट्रोलमधलं, प्रत्येकाची खूण वेगळी असू शकते. दांड्यातलं आणि धुवणातलं गुणोत्तर एकच निघालं, तर धूळ आणि अन्न यांचा उगम वेगळा मानायला आधार उरत नाही, आणि मी कशासाठी एवढं धुतलं हा प्रश्न मला घ्यावा लागेल. वेगळं निघालं, तर दोन वाटांनी दोन शिसं येतायत, आणि दोन्ही शोधावी लागतील.

मला ते वेगळं निघायला हवंय. हे मी तिला आधीच सांगून ठेवलंय. म्हणून असं ठरलंय की, बाटल्यांवर नुसते क्रमांक असतील, यादी तिच्याकडे राहील, आणि शेवटचा नमुना चालवून होईपर्यंत कुठलं धुवण आणि कुठला दांडा, हे तिने मला सांगायचं नाही.