पहिला नांगर विकायला दोन वर्षं

होटगी

प्रिय बाळा,

एकाच गावात राहून अक्का पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर तू "बघू", "होईल" याच्या पुढे जात नाहीस आणि घरी आलास की पोरांच्या शाळेचं बोलत बसतोस. म्हणून लिहिते, आणि छापायलाही देते. वर्कशॉप टाकून, कर्ज डोक्यावर घेऊन घरात चकार शब्द न काढणारी तुझ्यासारखी पुष्कळ पोरं आपल्या भागात आहेत.

दाजींनी पैशाचं विचारलं तेव्हा तू म्हणालास, "मला माझ्या हिमतीवर उभं राहू द्या." तुझी हिंमत मी लहानपणापासून बघते आहे. पण हिमतीवर उभं राहायचं म्हणजे घराला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हे तुझ्या मनात कुणी भरवलं?

तू नांगर आणि पेरणीयंत्रं करतोस, तेव्हा या धंद्याच्या मूळपुरुषाचंच सांगते. लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगावकडचं गुर्लहोसूर. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही त्याच गावचे. लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचं होतं. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथे कळलं की रंग ओळखण्यात डोळ्यांत दोष आहे. चित्रकला सुटली, पण यांत्रिक रेखाटन हाती राहिलं आणि ते शिकवण्याची नोकरी लागली. पुढे हक्काची बढती डावलून दुसऱ्याला दिली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले.

तिथे त्यांचं सायकलचं दुकान आधीच चालू होतं. कुणाच्या जिवावर? हे मुंबईत शिकवत होते तेव्हा बेळगावचं दुकान थोरले भाऊ रामूअण्णा बघत होते. पाटीवर नाव होतं 'किर्लोस्कर ब्रदर्स', आणि आजही कंपनी त्याच नावानं चालते. ज्याला आपण स्वयंभू उद्योगपती म्हणतो, त्यानं पहिल्याच पाटीवर भावाला बरोबरीची जागा दिली होती.

मग कडबा कापायची यंत्रं झाली आणि नंतर लोखंडी नांगर. आपल्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा किती खोल जातो, ते तुला मी काय सांगणार. लाकडी नांगर वरवर ओरखडे काढायचा, लोखंडी नांगर माती पालथी घालायचा. इतकी उघड गोष्ट, पण लोखंडानं जमिनीत विष उतरतं असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं, बाळा! आणि तू तीन महिने गिऱ्हाईक थंड आहे म्हणून रात्र रात्र जागतोस.

याच ओढाताणीच्या काळात त्यांचा मुलगा शंतनुराव जन्मला, २८ मे १९०३ ला, आणि तो कुठे, तर आपल्या सोलापुरात. लक्ष्मणरावांचे मोठे भाऊ डॉ. वासुदेवराव सोलापुरात असायचे. वासुदेवरावांचे चिरंजीव शंकररावही १८९१ साली सोलापुरातच जन्मले. आपल्या होटगी स्टेशनातून गदगकडे छोटी लाईन जायची, ती १८८४ सालची. तिकडच्या माणसांना मोठ्या लाईनची गाडी इथेच बदलून घ्यावी लागायची. तिकडची नि इकडची माणसं तेव्हापासून एकमेकांत मिसळलेली. म्हणून मला हे घराणं परकं वाटतच नाही.

बेळगावच्या कारखान्याची जागा नगरपालिकेनं घेतली. चाळिशीला आलेला माणूस, बायको-मुलं, यंत्रं, कामगार, आणि जायचं कुठे ते ठरलेलं नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचं रान, सापांनी भरलेलं. १० मार्च १९१० ला तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली. लक्ष्मणरावांनी हे कर्ज घेताना मान खाली घातली असेल असं मला वाटत नाही. विश्वासानं दिलेला पैसा त्यांनी विश्वासानं घेतला.

आणि सगळं घर त्या माळावर आलं. रामूअण्णांनी वसाहतीचा कारभार अंगावर घेतला. शंभोराव जांभेकर, के. के. कुलकर्णी, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे ही माणसं आली आणि घरचीच झाली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमलं. घरातल्या माणसांवर भरवसा टाकायची सवय असल्याशिवाय कुणी परक्यावर एवढा भरवसा टाकेल, हे मला पटत नाही. त्यांच्या पत्नी राधाबाईंचं नाव मात्र असल्या गोष्टींत दोन ओळींत उरकतात, याची मला हळहळ वाटते. त्या उजाड माळावर संसार मांडणं हाही त्या कारखान्याचाच भाग होता.

पुतण्या शंकररावांना लोखंडापेक्षा कागदाची ओढ. त्यालाही वाडीतच वाव मिळाला. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, तेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, आणि १९३० मध्ये 'स्त्री'. आपल्या आईच्या पिढीच्या कितीतरी बायका 'स्त्री' वाचून शहाण्या झाल्या. नांगराच्या कारखान्यातून मासिक निघतं, ते घरातल्या प्रत्येकाचा कल ओळखणारा कर्ता असतो म्हणून. शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून इंजिनिअर होऊन आले आणि त्याच कामाला लागले.

१९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतरच्या जाळपोळीत, वाडीही होरपळली. लक्ष्मणराव तेव्हा जवळजवळ ऐंशीचे. जे उभं राहिलं होतं ते पुन्हा उभं करायला मुलं, पुतणे, कामगार होते. एकट्यानं उभारलेलं असतं तर त्या वयात कोण उभारणार होतं? २६ सप्टेंबर १९५६ ला ते गेले.

तू म्हणशील, अक्का, ते मोठे लोक. अरे, सायकलचं दुकान चालवत होते तेव्हा ते मोठे नव्हते. तुझ्यापाशी वेल्डिंगची मशीन, दोन पोरं कामाला आणि एक शेड आहे. त्यांच्यापाशी सुरुवातीला याहून फार काही नव्हतं.

तुझ्या बायकोला हिशेब कळतो. बारावीला तिला तुझ्यापेक्षा जास्त मार्क होते. उधारीची वही तिच्या हातात दे, कुणाकडे किती थकलंय ते ती आठवडाभरात लावून देईल. दाजींचे पैसे फुकट नको असतील तर कागद करून घे, व्याज लाव, माझी हरकत नाही. बँकेचा हप्ता किती आणि कधीपासून थकलाय, तो आकडा मात्र मला खरा सांग. रविवारी दुपारी सगळी वह्या-बिलं घेऊन ये, पोरांनाही आण. शेंगाची पोळी करते.

तुझी,
अक्का